भाऊसाहेबांचा तोतया: ओळख, शपथ आणि विश्वास

इ. स. १७७६ च्या आरंभी रत्नागिरीच्या किल्ल्यात अटकेत असलेला एक कैदी बंधमुक्त झाला. त्याची तोतयेगिरी पुणे दरबाराने सुमारे दहा वर्षांपूर्वीच चौकशी करून जाहीर केलेली होती, तरीही पावसाळा सरेपर्यंत कोकणपट्टीतील बरेच किल्ले, बंदरे आणि महाल त्याचा हुकूम मानू लागले. हा मनुष्य आपण सदाशिवराव भाऊ असल्याचे सांगत होता, म्हणजे चिमाजी आप्पांचे पुत्र, नानासाहेब पेशव्यांचे चुलतबंधू आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचे नेतृत्व करीत असता दिसेनासे झालेले सेनापती. वस्तुतः तो बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण होता आणि साधनांत त्याचे नाव कुठे सुखलाल, तर कुठे सुखनिधान असे येते. दुसऱ्याचे नाव, कूळ आणि हक्क धारण करून त्याच्या जागी उभा राहणाऱ्यास तोतया म्हणतात, आणि मराठ्यांच्या इतिहासात तोतये अनेक झाले असले, तरी नुसते ‘तोतयाचे बंड’ म्हटले की याच मनुष्याचे बंड समजले जाते, हे काही अंशी न. चिं. केळकरांच्या त्याच नावाच्या नाटकामुळेही घडले आहे.

या बंडाची हकिगत पुष्कळदा एका धूर्त माणसाच्या धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि तशी सांगितली की तीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. परप्रांतातून आलेला, पुण्याच्या वाड्यात कधी न वावरलेला आणि एकदा लबाड ठरून तुरुंगात पडलेला मनुष्य हजारो लोकांना मान्य कसा झाला, याचे उत्तर त्याच्या अंगच्या कसबात सापडत नाही, ते त्याला मानणाऱ्यांच्या परिस्थितीत शोधावे लागते. खोटे बोलणारा एकटा खोटे उभे करू शकत नाही. त्याने पुढे केलेले खोटे ज्यांना हवे असते, ज्यांना सोयीचे असते आणि ज्यांना नाकारण्याची भीती वाटते, असे तिघे मिळून ते उभे करतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा विश्वास वेगळ्या प्रकारचा असतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की त्या काळी माणसाची ओळख पटविण्याची साधने आजच्याहून मूलतः भिन्न होती. राजपुरुषांची चित्रे थोडी होती आणि ती सामान्यांच्या दृष्टीस पडत नसत, त्यामुळे ज्या सरदाराच्या नावाने सारा वसूल होई त्याचा चेहरा त्या मुलखातील बहुतेक रयतेने आयुष्यात पाहिलेला नसे. दूरच्या अधिकाऱ्याला धन्याची ओळख असे ती पत्रावरील शिक्क्याने, मोर्तबाने आणि ओळखीच्या कारकुनाच्या मोडी हस्ताक्षराने. प्रत्यक्ष माणसाविषयी शंका आली, तर नातलगांची साक्ष, अंगावरील जन्मखुणा, जुन्या प्रसंगांविषयीची प्रश्नोत्तरे आणि शपथ, एवढेच मार्ग उरत. गावच्या वतनाच्या तंट्यातही हीच पद्धत होती. गोतसभा, म्हणजे वतनदार व जातभाई यांची न्यायसभा, साक्षी घेई, निर्णयाचा महजर म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्यांसह केलेला कागद होई, आणि साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य करावे लागे. रवादिव्यात वादीने उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयाचा, नंतर त्याचा हात पिशवीत घालून ती मोहोरबंद करावयाची आणि ठरल्या दिवशी हात पाहून खरेखोटे ठरवावयाचे. या सर्व व्यवस्थेचा पाया असा की सत्य हे वस्तूंपेक्षा माणसांच्या शब्दांत राहते, आणि शब्दाचे वजन तो कोणी उच्चारला यावर ठरते.

अशा व्यवस्थेत खोटा माणूस खरा ठरू शकतो, तसाच खरा माणूसही खोटा ठरू शकतो, आणि मराठी राज्याने हा दुसरा प्रकार आधी अनुभवला होता. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे असताना मोगलांच्या हाती लागले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, तरुण पुरुष म्हणून दक्षिणेत परतले. त्या वेळी आपल्या पुत्राच्या नावाने राज्य चालविणाऱ्या महाराणी ताराबाईंनी हा आलेला शाहू तोतया आहे असे जाहीर केले आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेच्या शपथा घेतल्या. ज्यांनी शाहूंना अखेरचे पाहिले ते एका लहान मुलाला, आणि पुढे उभा होता मोगली छावणीत वाढलेला पंचविशीचा पुरुष, त्यामुळे शंकेला जागा होतीच. सेनापती धनाजी जाधव आणि खंडो बल्लाळ चिटणीस यांनी शहानिशा केली, शाहू खरे असल्याची त्यांची खात्री पटली, आणि ऑक्टोबर १७०७ मधील खेडच्या लढाईत धनाजी शाहूंच्या बाजूस गेल्याने निकाल लागला. परसोजी भोसले यांनी शाहूंच्या ताटात जेवून त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली असे सांगितले जाते, आणि ही ग्वाही कोणत्याही कागदाहून बळकट होती, कारण तोतयाच्या ताटात जेवणारा मनुष्य आपले कूळच पणास लावीत असे.

याच ताराबाईंनी १७४९ मध्ये शाहूंच्या मृत्यूच्या वेळी रामराजा हा आपला लपवून वाढविलेला नातू असल्याचे सांगितले, तो त्यांच्या शब्दावर छत्रपती झाला, पुढे तो पेशव्यांच्या ओंजळीने पाणी पितो असे दिसताच त्यांनी त्याला साताऱ्यास कैद केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे अशी शपथ घेतली. यांतील कोणते म्हणणे खरे, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. मात्र एका गोष्टीविषयी शंका नसावी: तोतयेगिरीचा आरोप हे अठराव्या शतकातील राजकारणाचे रूढ हत्यार होते, लोकांनी ते दोन्ही बाजूंनी चाललेले पाहिले होते, आणि म्हणून ‘हा तोतया आहे’ हे सरकारचे म्हणणेही त्यांना एका पक्षाचे म्हणणे वाटत असे. सुखलालाला मानणारे लोक या आठवणींत वाढले होते.

पानिपताने या आठवणींना शोकाची जोड दिली. त्या दिवशी दुपारनंतर नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि दाटीत शिरले. फौजेच्या दृष्टीने सेनापतीचा हत्ती हे लढाईचे निशाण असल्याने अंबारी रिकामी दिसताच अवसान सुटले, आणि त्यापुढे भाऊसाहेबांना कोणी कुठे पाहिले याविषयी ठाम असे काही राहिले नाही. विश्वासरावांचे शव सापडले. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराजाने पुढे लिहिलेल्या फारसी वृत्तांतानुसार भाऊसाहेबांचे म्हणून जे शव मिळाले त्याला शिर नव्हते, अंगावरील खुणांवरून ते त्यांचे ठरविण्यात आले, नंतर शिरही मिळाले आणि त्यांना अग्नी देण्यात आला. हा वृत्तांत सामान्यतः विश्वसनीय मानला जातो. परंतु हा अग्निसंस्कार शत्रूच्या छावणीत, परक्यांच्या परवानगीने झाला, आणि घरचे कोणी तेथे नव्हते. पुण्यास जे पोहोचले ते नुसते वर्तमान, तेही तुटक, सांगोवांगीचे आणि परस्परविरोधी. नानासाहेबांना जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ जे पहिले पत्र मिळाले तेसुद्धा सावकारी सांकेतिक भाषेत, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात लिहिलेले होते. पानिपतावरून परतलेले लोक पुढे महिनोन्महिने, काही तर वर्षांनी, फकिराच्या किंवा बैराग्याच्या वेषात घरी येत राहिले, आणि अशी प्रत्येक खरी परतभेट न आलेल्यांच्या घरी आशा वाढवीत राहिली. पुढे पुणे दरबाराचा कारभार पाहणारे नाना फडणीस स्वतः त्या रणातून वाचून आले होते आणि त्यांची आई मात्र त्या गर्दीत कायमची हरवली, ही गोष्ट त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदवली आहे. ज्या पिढीने मेलेले म्हणून गृहीत धरलेले लोक दारात उभे राहिलेले पाहिले, तिला भाऊसाहेब जिवंत असल्याची वार्ता अशक्य वाटावी, असे काहीच कारण नव्हते.

धर्मशास्त्राने अशा प्रसंगासाठी मार्ग सांगून ठेवला होता. परागंदा झालेल्या माणसाची ठराविक काळ, पुष्कळ ग्रंथकारांच्या मते बारा वर्षे, काहीच वार्ता आली नाही, तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे व उत्तरक्रिया उरकावी, यास पालाशविधी म्हणतात. त्यानंतरही तो मनुष्य परत आला, तर त्याला घृतस्नान घालून जातकर्मापासूनचे सर्व संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्या पत्नीशी पुन्हा विवाह करावा, अशीही तरतूद आहे. मरणाची खात्री नसताना कुटुंबाला पुढे जाता यावे म्हणून शास्त्रकारांनी किती बारकाईने विचार केला होता, हे यावरून दिसते. परंतु भाऊसाहेबांच्या बाबतीत ही वाट चोखाळली गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून सुखरूप परत आल्या होत्या, त्यांनी पती गेल्याचे मान्य केले नाही, सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, आणि १७८३ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्या सवाष्णीच्या वेषातच राहिल्या. त्यांच्यावर पेशवे कुटुंबाने बळजबरी केली नाही, ही त्या घराण्याच्या आदराची आणि मायेची खूण आहे.

या मायेचा राजकीय परिणाम मात्र खोल झाला. राज्यकारभाराच्या दृष्टीने भाऊसाहेब मृत होते, त्यांच्याशिवाय वारसा ठरला, पेशवाईची वस्त्रे दिली गेली, कारभाऱ्यांच्या नेमणुका झाल्या, आणि त्याच वेळी वाड्यात हळदीकुंकवाच्या प्रसंगी त्यांची पत्नी सवाष्ण म्हणून वावरत होती. पुण्यात पाणी भरणाऱ्या बायकांपासून शास्त्र्यांपर्यंत सर्वांना हे ठाऊक होते. ज्याचे मरण त्याच्या घराने विधिपूर्वक मान्य केलेले नाही तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यास वेडा ठरविणे कठीण जाते, आणि सुखलालाच्या खोट्याला मिळालेला सर्वांत मोठा आधार असा त्याच्या जन्मगावापासून शेकडो कोस दूर, शनिवारवाड्यात, कोणाच्याही मनात कपट नसताना तयार झाला होता.

सुखलाल प्रथम प्रकट झाला तो उत्तरेत, पानिपतानंतर थोड्याच वर्षांत. तेथील काही मराठी माणसांनी त्याच्या भाऊसाहेबांशी असलेल्या साम्याची चर्चा सुरू केली, आणि ती चर्चा वाढत वाढत हक्काच्या रूपात आली. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६५ च्या सुमारास, त्याला दक्षिणेत आणून चौकशी झाली, त्याने आपण कोण हे कबूल केले आणि तो किल्ल्याकिल्ल्यांतून कैदेत फिरू लागला. साम्याच्या मुद्द्यावर येथे थोडे थांबले पाहिजे, कारण तोतयाच्या यशाचे कारण म्हणून तोच नेहमी पुढे केला जातो. पानिपतावर जाताना भाऊसाहेबांचे वय जेमतेम तीस होते. पराभव, जखमा, रानोमाळ भटकंती आणि कैद यांतून गेलेल्या माणसाचा चेहरा बदलणारच, असे मानल्यावर प्रत्येक साम्य हा पुरावा ठरतो आणि प्रत्येक भेद हा त्या हालअपेष्टांचा परिणाम ठरतो. अशा रीतीने मानणाऱ्याच्या मनात पडताळ्याचे दार एकाच बाजूने उघडते. ज्ञानाची गोष्टही तशीच होती. तोतयाला वाड्यातील खाणाखुणा विचारणारा प्रत्येक जण प्रश्नाबरोबर थोडी माहितीही देत असतो, कारण अमुक लग्नात काय घडले असे विचारले म्हणजे ते लग्न झाले होते आणि त्यात काही संस्मरणीय घडले होते, हे ऐकणाऱ्याला समजते. चौकशी जितकी लांबे तितका चौकशीत उभा असलेला मनुष्य त्या घराण्याविषयी शहाणा होत जाई, आणि पुढे दहा वर्षे तो मराठी पहारेकऱ्यांच्या संगतीत राहिला होता.

त्याला त्या वेळी देहदंड का झाला नाही, याचे एक कारण तो ब्राह्मण होता हे असावे, कारण ब्रह्महत्येचे पाप टाळण्याकडे पेशव्यांचा कल असे. परंतु लोकांनी या दयेचा अर्थ निराळा लावला. हा खरोखर लबाड असता तर सरकारने त्याला जिवंत का ठेवले असते, आणि त्याला एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर इतक्या बंदोबस्तात का हलविले असते, हा प्रश्न ज्याच्या मनात आला त्याला कबुलीजबाबाचेही उत्तर लगेच सापडले: कैदेत पडलेल्याकडून काय वाटेल ते वदवून घेता येते. एकदा संशयाने असे वळण घेतले की खंडनासाठी पुढे केलेली प्रत्येक गोष्ट मंडनाच्या कामी येऊ लागते. दरबाराने कठोर व्हावे तर तो खऱ्या धन्याला छळतो, आणि सौम्य व्हावे तर त्याला सत्य ठाऊक आहे. लोकांचा हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. छत्रपतींना किल्ल्यात कोंडून त्यांच्या नावाने कारभार होताना त्यांनी पाहिला होता, आणि जे एकदा घडले ते पुन्हा घडू शकते एवढेच ते म्हणत होते.

तरीही माधवराव हयात असेपर्यंत बंड झाले नाही. विश्वासाची सामग्री साठली होती, तिचे बंड झाले ते सत्ता दुभंगल्यावर. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले, ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांच्यानंतर पेशवे झालेले त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात गारद्यांकडून खून झाला, त्या कटात चुलते रघुनाथराव गोवले गेले होते, आणि त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांच्या पक्षाने लगेच वदंता उठवली की पुरंदरावर आणखीही गरोदर स्त्रिया ठेवल्या होत्या आणि मूल बदलले आहे. या वदंतेला आधार नव्हता, पण तिचा परिणाम लक्षात घेतला पाहिजे: रत्नागिरीच्या कैद्याला खोटा म्हणणारे सरकार ज्या बालकाच्या नावाने चालत होते, त्या बालकालाच अर्धे राजकारण खोटे म्हणत होते. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, युद्ध झाले, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. एकीकडे खुनाचा डाग लागलेला आणि परक्यांना मिळालेला चुलता, दुसरीकडे दोन वर्षांचे मूल आणि त्याच्या आड कारभारी, अशा कोंडीत सापडलेल्या माणसांना पेशवे घराण्याचा एक प्रौढ, पराक्रमी, उदगीरचा विजेता पुरुष परत यावा असे वाटणे अत्यंत स्वाभाविक होते. भाऊसाहेब आले असते तर रघुनाथरावांचा हक्क संपला असता, बारभाईंतील नाना फडणीस व सखाराम बापू यांचा कारभार संपला असता, आणि पानिपताचा पराभवही काही अंशी पुसला गेला असता. एका माणसाच्या जिवंत असण्याने इतक्या गोष्टी सुटत होत्या.

रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी या घटकेला आपल्या ताब्यातील कैद्यास मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. यानंतर बंड वाढले ते आश्चर्यकारक वेगाने. कोकणातील किल्ले एकामागून एक त्याच्याकडे गेले, काही आरमारी सामर्थ्य हाती आले, फौज जमली, जुने इतिहासकार तिची संख्या २०,००० पर्यंत सांगतात, आणि बंडखोर बोरघाटाच्या परिसरात, राजमाचीपर्यंत, म्हणजे पुण्याच्या दाराशी येऊन पोहोचले. या हजारो लोकांतील फारच थोड्यांनी भाऊसाहेबांना पूर्वी जवळून पाहिले असणार, तेव्हा त्यांना ओळख पटली असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी ओळख पटलेल्यांवर विश्वास ठेवला. सरकारी अधिकारी मुजरा करतो, त्याअर्थी त्याने पाहून घेतले असेल, असे किल्लेदाराने मानले, किल्लेदार दार उघडतो त्याअर्थी त्याला कळले असेल, असे शिबंदीने म्हणजे किल्ल्यावरील पायदळाने मानले, आणि शिबंदी जयजयकार करते त्याअर्थी गोष्ट खरी असणार, असे गावकऱ्यांनी मानले. प्रत्येकाने आपला पडताळा वरच्यावर सोपविला होता, आणि सर्वांत वरचा मनुष्य स्वतः बंडाचा कर्ता होता.

किल्लेदाराची अडचण विशेष समजून घेण्यासारखी आहे. दाराशी उभा असलेला मनुष्य खरोखर भाऊसाहेब असेल आणि आपण त्याला परतवले, तर तो स्वामिद्रोह ठरेल, वतन जाईल आणि पिढ्यान्‌पिढ्या कलंक राहील. तो खोटा निघाला आणि आपण त्याला आत घेतले, तर आपण फसलो असे सांगता येईल. दोन चुकांपैकी दुसरी स्वस्त दिसत असल्याने सावध माणूसही तिच्याकडे झुकतो, आणि त्यासाठी त्याला मनापासून विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. नाकारण्याचे धैर्य नसले की पुरते. फसवणुकीच्या इतिहासात श्रद्धाळू लोकांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु मोठी खोटी साम्राज्ये बहुधा अशा अर्धवट मानणाऱ्या, धोका टाळणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर उभी राहतात, आणि १७७६ चे कोकण हे त्याचे फार स्पष्ट उदाहरण आहे.

असे प्रसंग मराठी राज्यापुरते मर्यादित नव्हते. गोव्यावर ज्यांचे राज्य होते त्या पोर्तुगीजांचा राजा दों सेबास्तियांव ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील अल्कासर किबीरच्या लढाईत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नाहीसा झाला. शव मिळाल्याचे सांगितले गेले, पुढे लिस्बनजवळ बेलेंच्या मठात त्याचे दफनही झाले, पण १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट, आणि त्याबरोबर गोवाही, स्पेनच्या राजाकडे गेल्याने लोकांना सेबास्तियांव जिवंत हवा होता. पुढील पंचवीस वर्षांत चार तोतये झाले, त्यांत माद्रिगाल गावी मिठाई व पोळ्या भाजणारा एक कारागीर होता, त्याला १५९५ मध्ये फाशी दिले. तेथेही विश्वासाला धग मिळाली ती गमावलेल्या स्वातंत्र्यामुळे, आणि तोतये मरूनही राजा परत येईल ही श्रद्धा पुढे शतकानुशतके टिकली. पोर्तुगालच्या तोतयांना मात्र सरकारी अधिकाऱ्यांचे बळ फारसे लाभले नाही, म्हणून ते लहानसहान उठाव ठरले. सुखलालाला किल्ले, तिजोऱ्या आणि जहाजे मिळाली, आणि हा फरक विश्वासाच्या तीव्रतेचा नव्हता, तो दुभंगलेल्या राज्ययंत्राचा होता.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजा चालून गेल्यावर बंडाचा जोर थोड्याच अवधीत ओसरला, हेही वरील विवेचनाशी जुळते. खऱ्या श्रद्धेने जमलेले लोक एका पराभवाने असे पांगत नाहीत. ज्यांनी धोका मोजून आत घेतले होते त्यांनी धोका बदलताच बाहेर काढले. तोतया किनाऱ्याकडे पळाला, मुंबईकर इंग्रजांचा आसरा गाठण्याचा त्याचा प्रयत्न फसला, कुलाब्याच्या रघोजी आंग्रे यांनी त्याला धरून पुणे दरबाराच्या स्वाधीन केले, आणि पुण्यात चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. या वेळी त्याचे ब्राह्मण्य आड आले नाही. दहा वर्षांपूर्वीच्या दयेचा लोकांनी काय अर्थ लावला हे पाहिल्यावर कारभाऱ्यांना पुन्हा तो प्रयोग करणे परवडणारे नव्हते. नाना फडणीसांनी या वेळी चौकशी पुरेशी उघडपणे आणि जाणकारांसमोर होईल, याची काळजी घेतली, कारण त्यांना मनुष्य मारावयाचा होता त्याहून अधिक संशय मारावयाचा होता. जिवंत कैदी जितका संशय वाढवितो तितका मेलेला वाढवीत नाही, असा त्यांचा हिशेब असावा, आणि त्या नावाने पुढे तसे मोठे बंड उठले नाही, एवढ्यापुरता तो बरोबर ठरला. घराण्याला ज्या विधीने हा प्रश्न शांतपणे मिटविता आला असता तो मात्र पार्वतीबाई असेपर्यंत झाला नाही. भाऊसाहेबांची उत्तरक्रिया त्यांच्याबरोबरच १७८३ मध्ये झाली असे सांगतात.

देहदंडानंतर उरला तो साथीदारांचा प्रश्न, आणि न्यायाच्या दृष्टीने तोच अधिक बिकट होता. तोतयाला मानणारा प्रत्येक जण आता आपण फसलो असे म्हणू शकत होता, आणि ज्याची फसवणूक झाली त्याला गुन्हेगार कसे म्हणावे, हा पेच चौकशी करणाऱ्यांपुढे होता. शिपायाचे, गावकऱ्याचे, दूरच्या किल्लेदाराचेही हे म्हणणे ग्राह्य धरता येण्यासारखे होते. रामचंद्र नाईकांचे तसे नव्हते. कैदी त्यांच्या ताब्यात होता, तो कोण आणि कशासाठी कैदेत आहे हे त्यांना अधिकाराच्या नात्याने ठाऊक होते, आणि त्याला सोडण्यापूर्वी पुण्यास विचारणे हे त्यांचे कर्तव्य होते. त्यांनी विचारले नाही. कोकणातील एवढ्या लोकांपैकी ज्याच्यापाशी सत्य जाणून घेण्याचे साधन सर्वांत जवळ होते त्यानेच ते वापरले नाही, आणि बाकीच्या सर्वांचा विश्वास त्याच्या त्या एका मुजऱ्यावर उभा राहिला होता.